रिटर्न भरण्याआधी एक संध्याकाळ पासबुकांसाठी

जूनच्या मध्यापासून आमच्याकडे पिशव्या यायला लागतात. कुणाच्या पिशवीत फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि दोन पासबुकं, कुणाच्या पिशवीत ठेवींच्या पावत्यांचं रबर लावलेलं भेंडोळं, तर कुणी नुसता मोबाईल पुढे करतं, "काकू, सगळं यातच आहे." मी अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात काढली. निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या चौदा-पंधरा जणांची इन्कम टॅक्सची रिटर्न त्यांच्याबरोबर बसून भरते. त्यांच्याऐवजी भरत नाही. शेजारी बसवते, आकडा त्यांनीच वाचायचा, मी फक्त विचारत जाते.

या बसण्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. माणसं चुकतात ती आयकर खात्याच्या पोर्टलवर नाही, त्याच्या आधी चुकतात. पोर्टल उघडलं की पगार, व्याज, टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) असे बरेचसे आकडे आधीच भरलेले दिसतात. ते पाहून माणूस निर्धास्त होतो आणि पुढे-पुढे बटण दाबत जातो. ते आकडे कंपनीने, बँकेने, म्युच्युअल फंडाने कळवलेले असतात. त्यात काही राहून गेलेलं असू शकतं, काही दोनदा आलेलं असू शकतं, काही दुसऱ्याचंही असू शकतं. रिटर्नखाली सही मात्र आपली असते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी वही, मग सरकारकडची माहिती, मग दोन्हींचा मेळ, आणि शेवटी रिटर्न.

वहीचं पान

एक कोरं पान घ्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षी हे लिहिणं फार गरजेचं आहे, कारण १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात 'असेसमेंट इयर' (उत्पन्नाच्या पुढचं, कर आकारणीचं वर्ष) हा शब्दच गेला आणि 'टॅक्स इयर' आला. आत्ता आपण भरतोय ते रिटर्न मात्र गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचं, म्हणजे जुन्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच, आणि त्याचं नाव असेसमेंट इयर २०२६-२७. दुसरीकडे, यंदाच्या एप्रिलपासून जे कमावतोय ते टॅक्स इयर २०२६-२७. आकडे तेच, वर्षं वेगळी! कर भरण्याचं चलन काढताना इथे गफलत झाली तर पैसे भलत्याच वर्षाला जमा होतात आणि मग ते फिरवून घेत बसावं लागतं. गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा उरलेला कर भरायचा असेल तर असेसमेंट इयर २०२६-२७ निवडा, आणि चलन पक्कं करण्याआधी ती ओळ पुन्हा एकदा वाचा.

आता पानावर एकेका ओळीत उत्पन्न उतरवा. पगार किंवा पेन्शन. प्रत्येक बचत खात्याचं व्याज, वेगवेगळं. प्रत्येक ठेवीचं व्याज. पोस्टातलं. पतसंस्थेतलं. घरभाडं. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर ते. पीपीएफचं व्याज करमुक्त असलं तरी लिहून ठेवा, रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ते दाखवायचं असतं.

व्याजाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त विसर तिथेच पडतो. "टीडीएस कापला नाही, म्हणजे त्यावर कर नाही" हे वाक्य मी दर वर्षी चार-पाच जणांकडून ऐकते. टीडीएस ही फक्त आगाऊ कापून घेण्याची पद्धत आहे. २०२५-२६ साठी एका बँकेतलं ठेवींचं वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांवर, आणि ज्येष्ठ नागरिकांचं १ लाखावर गेलं, तरच बँक १० टक्के टीडीएस कापते. त्याच्या आतलं व्याज कापलं जात नाही, पण उत्पन्नात धरायचंच असतं. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतोच. पतसंस्थेत सभासदांच्या ठेवींवर बहुतेक वेळा कपात होत नाही, आणि म्हणून तिथलं व्याज करमुक्त आहे असं कितीतरी जण मनापासून मानतात. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होते तेव्हाही हे सांगत होते, आजही सांगते: ते व्याज करपात्र आहे.

दुसरी गोष्ट, मुदत संपल्यावर एकदम रक्कम मिळणारी ठेव. पाच वर्षांची ठेव असली तरी बँक दर वर्षी चढलेलं व्याज दाखवते आणि लागू असेल तर त्यावर दर वर्षी टीडीएस कापते. हातात पैसे आले नाहीत म्हणून तुम्ही ते व्याज दाखवलं नाही, तर टीडीएस एका वर्षाचा आणि उत्पन्न दुसऱ्या वर्षाचं असा घोळ होतो. दर वर्षीचं दर वर्षी दाखवून मोकळं व्हावं. बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या, तो नेट बँकिंगमधूनही निघतो.

सरकारकडे काय लिहिलंय

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन केलं की एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण मिळतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ते सुरू आहे. त्याची पीडीएफ उतरवून घ्या. ती उघडायला पासवर्ड लागतो आणि तिथेच बरेच जण अडतात: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत, आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, मध्ये जागा नाही. फॉर्म २६एएसही काढा, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. टीडीएससाठी माझा भरवसा त्यावर जास्त असतो.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये करायला बसू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएसचं विवरण भरायला बँका आणि कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी एआयएस पाहिलं तर शेवटची तिमाही अर्धवट दिसते. घाईने भरलेलं रिटर्न मग दुरुस्त करावं लागतं. १५ जून ते १५ जुलै हा महिना सगळ्यात चांगला. शेवटची तारीख ३१ जुलै. गेल्या वर्षी ती वाढत वाढत १६ सप्टेंबरवर गेली होती, पण दर वर्षी तसंच होईल या आशेवर राहू नये.

आता मेळ कसा घालायचा ते आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या पानावरूनच दाखवते. त्यांनीच "माझं उदाहरण दे, पण नाव नको" असं सांगितलं आहे. वय ६८. भाऊजी गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन महिना ३०,००० रुपये, वर्षाचे ३,६०,०००. वहीतली व्याजं अशी: पहिल्या बँकेतल्या ठेवींवर १,८०,०००, दुसऱ्या बँकेत ६०,०००, बचत खात्यांचं मिळून ८,०००, पतसंस्थेचं २२,०००. एकूण २,७०,०००.

एआयएस उघडलं तर पहिल्या बँकेचे १,८०,००० दोनदा. एकदा टीडीएसच्या भागात, कारण बँकेने १८,००० कापले होते, आणि पुन्हा एकदा एसएफटीच्या, म्हणजे कळवलेल्या आर्थिक व्यवहारांच्या भागात, कारण ठेवींच्या व्याजाची माहिती बँकांना वेगळीही कळवावी लागते. जाऊबाईंचा चेहरा उतरला. "अगं, माझ्या नावावर एवढ्या ठेवी कुठे आहेत?" ठेवी दुप्पट नव्हत्या, एकच व्याज दोन वाटांनी आलं होतं. वहीत रक्कम एकदाच होती म्हणून हे लगेच कळलं. वही नसती तर दोन्ही बेरजेत धरले गेले असते. दुसऱ्या बँकेचे ६०,००० बरोबर होते, टीडीएस शून्य. पतसंस्थेचे २२,००० एआयएसमध्ये नव्हतेच. ते आम्ही आपणहून धरले.

अशी चुकीची किंवा दुहेरी नोंद दिसली तर एआयएसमध्ये त्या ओळीवरच प्रतिसाद देता येतो: माहिती पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, दुहेरी आहे, मान्य नाही, असे पर्याय असतात. तो प्रतिसाद जरूर नोंदवा आणि त्याची पोच ठेवा. २६एएसमध्ये टीडीएसच कमी दिसत असेल तर मात्र पोर्टलवर काही करून उपयोग नाही. ज्यांनी कापला त्यांनाच त्यांचं विवरण दुरुस्त करायला सांगावं लागतं. तोंडी नाही, ई-मेल करून.

म्युच्युअल फंड विकणाऱ्यांसाठी एक सांगते. एआयएसमध्ये विक्रीची पूर्ण रक्कम दिसते. ३ लाखांचे युनिट विकले म्हणजे ३ लाखांचं उत्पन्न झालं असं नाही, कर फक्त नफ्यावर. फंडाच्या रजिस्ट्रारकडून भांडवली नफ्याचं विवरण मागवा. सूचीबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. आणि एवढ्या मर्यादेतला नफा असेल तर आता आयटीआर-१ या सगळ्यात साध्या फॉर्ममध्येही दाखवता येतो.

शून्य कर आणि रिटर्न

जाऊबाईंच्या हिशेबाकडे परत येते, कारण त्यात दोन चुका होता होता टळल्या.

पहिली, कुटुंब निवृत्तिवेतन हा पगार नव्हे. स्वतःच्या नोकरीची पेन्शन पगारात धरतात आणि तिला नव्या करपद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्ना'त येतं, आणि तिथे वजावट एक तृतीयांश किंवा २५,०००, यातली जी कमी ती. जुन्या पद्धतीत हाच आकडा १५,००० आहे. म्हणून जाऊबाईंचे ३,६०,००० उणे २५,०००, म्हणजे ३,३५,०००. त्यात व्याज २,७०,०००. एकूण ६,०५,०००.

दुसरी, "१२ लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?" २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्यावर ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, १६ लाखांपर्यंत १५ टक्के, २० लाखांपर्यंत २०, २४ लाखांपर्यंत २५ आणि पुढे ३० टक्के. १२ लाखांपर्यंतचा कर माफ होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि ती सवलत रिटर्न भरूनच मिळते. जाऊबाईंच्या ६,०५,००० वर कर येतो १०,२५०, सवलतीने तो शून्य होतो. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे म्हणून रिटर्न भरणं त्यांना बंधनकारक आहे. आणि भरलं नाही, तर बँकेने कापलेले १८,००० परत कोण देणार?

इथे एक इशारा. ही सवलत शेअरच्या नफ्यासारख्या, वेगळ्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला लागू होत नाही. पगार १० लाख आणि शेअरच्या खरेदी-विक्रीतून अल्प मुदतीचा नफा असेल तर त्या नफ्यावर २० टक्के कर येतो, मग एकूण बेरीज १२ लाखांच्या आत असली तरी.

जुनी पद्धत की नवी, यावर मी फार वेळ घालवत नाही. पोर्टल दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी दाखवतं. उत्पन्न १२ लाखांच्या आत, नोकरदाराचं पावणेतेरा लाखांच्या आत आणि सगळं साधं उत्पन्न असेल, तर नवी पद्धत. त्याच्या वर घरकर्जाचं व्याज, घरभाडं भत्ता, कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे दीड लाख, आरोग्य विमा असं सगळं खरोखर असेल तरच जुनीचा हिशेब मांडून बघा. एवढं मात्र लक्षात ठेवा, की नोकरदाराला जुनी पद्धत घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. मुदत हुकली की नवीच लागू होते. शिवाय उशिराचा दंड ५,०००, आणि उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

आणि 'खरोखर' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. टक्केवारी घेऊन मोठा परतावा काढून देणारी माणसं असतात. न दिलेली देणगी, नसलेलं भाडं, नसलेला विमा दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा लोकांवर देशभर कारवाई केली. आता रिटर्नमध्ये विम्याचा पॉलिसी क्रमांक, कर्जाचा तपशील असं सगळं भरावं लागतं. पैसे तो घेतो आणि नोटीस तुमच्या नावाने येते. असं रिटर्न भरलं गेलं असेल तर घाबरून गप्प बसू नका, नोटीस यायच्या आत सुधारित रिटर्न भरा. ती मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं, जास्तीचा कर सोसून.

नोकरी बदलली असेल तर

या वर्षी माझा भाचा दोन फॉर्म १६ घेऊन आला. सप्टेंबरपर्यंत पहिल्या कंपनीत महिना १,२०,०००, ऑक्टोबरपासून दुसरीत १,४०,०००. पहिल्या कंपनीने वर्षभराचा अंदाज धरून सहा महिन्यांत ४४,०७० कापले होते. दुसरीने फक्त आपले सहा महिने, ८,४०,०००, धरले. त्यातून ७५,००० वजा केले, सवलत दिली, कर शून्य. म्हणजे ७५,००० ची वजावट दोन्हीकडे, आणि वर्षाच्या एकूण पगारावर मिळणारच नाही ती सवलतही. सहा महिने पगार पूर्ण हातात येत होता म्हणून तो खूश होता.

खरा हिशेब: एकूण पगार १५,६०,०००, वजावट एकदाच, उरले १४,८५,०००. कर १,०२,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, मिळून १,०६,८६०. कापलेले वजा केल्यावर ६२,७९० भरायचे, आणि आगाऊ कर भरला नाही म्हणून वर व्याज. एकदम एवढी रक्कम काढताना त्याची ओढाताण झाली, ते मला बघवत नव्हतं. नव्या कंपनीत रुजू होताना जुन्या कंपनीचा पगार आणि कपात लेखी कळवली असती तर दर महिन्याला थोडं थोडं कापलं गेलं असतं. यंदा नोकरी बदलणार असाल तर हे पहिल्याच आठवड्यात करा.

असाच त्रास ठेवीवरच्या पहिल्या नावाने होतो. आईच्या पैशांची ठेव, पण "पुढे अडचण नको" म्हणून पहिलं नाव मुलाचं. टीडीएस आणि व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर जातं आणि मुलाच्या एआयएसमध्ये उगवतं. ज्याचे पैसे त्याचं नाव पहिलं ठेवा, दुसऱ्याचं संयुक्त म्हणून. वारस नोंद वेगळी करता येते.

भरल्यानंतर

सबमिट झालं म्हणजे संपलं नाही. ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. ते राहिलं तर रिटर्न भरलेलं धरतच नाहीत, आणि ३० दिवसांनंतर केलं तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख. मी कुणालाही ओटीपी टाकल्याशिवाय उठू देत नाही.

परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवावं लागतं. जाऊबाईंचं अडलं ते इथेच. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पॅन पुढे कधीतरी ऑफिसच्या कामासाठी जुन्या दाखल्यावरून काढलेलं, आणि तेव्हा कुणाला हे सुचलं नाही. आम्ही आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घेतलं, मग खातं प्रमाणित झालं, आणि मगच रिटर्न भरलं. तुमच्या घरातल्या बायकांची नावं आजच ताडून बघा: पॅन, आधार, बँक. बँकांचं विलीनीकरण झाल्यावर बदललेला आयएफएससी कोडही बघा.

परताव्याचा एसएमएस आला आणि त्यात लिंक असेल तर ती उघडू नका. आयकर खातं परताव्यासाठी कधी ओटीपी, पिन, कार्ड नंबर मागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर डीआयएन हा त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस खरी आहे का ते त्या क्रमांकावरून तपासता येतं.

काही दिवसांनी कलम १४३(१) ची सूचना ई-मेलवर येते. तिचं नाव ऐकून लोक घाबरतात, ती सगळ्यांनाच येते. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही दाखवलेलं आणि खात्याने धरलेलं. ओळीओळीने बोट ठेवून वाचा. जिथे फरक असेल तिथे वहीचं पान काढा.

जाऊबाईंकडून आम्ही आणखी एक काम करून घेतलं. साठीच्या वरच्या व्यक्तीचा कर सवलत धरून शून्य येणार असेल तर टीडीएस कापू नका असं बँकेला लिहून देता येतं, ज्याला आपण १५एच म्हणत आलो तो अर्ज. तो दर वर्षी नव्याने द्यावा लागतो, एप्रिलमध्ये दिलेला सगळ्यात चांगला, आणि प्रत्येक बँकेत वेगळा. त्यांनी यंदाचा देऊन पोच घेतली. ती पोच आता वहीच्या पुढच्या पानाला टाचणीने लावली आहे, ज्याच्या वर लिहिलंय: १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७.